दोघांच्या मधून

"यांना जरा माझ्याकडे सरकवता येईल का गं?" आईने हे विचारलं तेव्हा मी तिच्या ओट्याशी चहा गाळत होते आणि ती पलीकडच्या खोलीत मोबाईलवर फोटो मोठा करून बघत बसली होती. 'यांना' म्हणजे बाबांना. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण आईच्या बोलण्यात ते अजून 'हे'च आहेत, जणू आत्ता खाली दूध आणायला गेलेत. मी "बघते" म्हणाले. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर तिथल्या तिथे करून दिलं असतं. रोज तेच तर करते. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मसाल्याच्या पाकिटांची डिझाइनं करणं हा माझा धंदा. मिरची आणखी लाल करायची, हळकुंडं डावीकडे घ्यायची, पनीरच्या तुकड्यांत नीट अंतर ठेवायचं. माणूस सरकवणं यापेक्षा फार अवघड नसतं. तरी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये बसच्या खिडकीला डोकं टेकून घरी येताना तो प्रश्न चपलेत खडा शिरावा तसा टोचत राहिला, आणि पुढचे पंधरा दिवस मी ती फाईल उघडलीच नाही.

फोटो सापडला तो माळ्यावर. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीचं रीडेव्हलपमेंट इतकी वर्षं नुसतं मीटिंगांमध्ये होतं, ते यंदा अचानक खरं झालं. आईला भाड्याच्या जागेत हलवायचं म्हणून भाच्याला शिडीवर चढवून माळा उतरवला. बंब निघाला, माझी शाळेतली तक्त्याची गुंडाळी निघाली, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास मारणाऱ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून फोटो निघाले. निगेटिव्हच्या पट्ट्याही होत्या, पण इतक्या पावसाळ्यांच्या ओलीने एकीला एक चिकटलेल्या. सोडवायला गेले तर वरचा थरच सोलून हातात आला. म्हणजे उरली ती फक्त प्रिंट, चार बाय सहाची, मॅट. त्या काळी लॅबवाला विचारायचा, "मॅट की ग्लॉसी?" आणि आई दर वेळी मॅट सांगायची, कारण फोटो पाहुण्यांत फिरतात आणि ग्लॉसीवर लाडवाची बोटं उमटतात.

1997 ची दिवाळी. मामा मस्कतहून आला होता आणि त्याने एक करड्या रंगाचा ऑटोफोकस कॅमेरा आणला होता. झाकण सरकवलं की लेन्स आपोआप पुढे यायची, फोटो काढला की आत मोटर घर्र करून रोल पुढे ओढायची. आमच्या घरातला त्याच्या आधीचा कॅमेरा म्हणजे शेजाऱ्यांकडून मागून आणलेला. मी चौदा वर्षांची. पाडव्याच्या दिवशी चार वाजून गेल्यावर सगळे तलावपाळीला गेलो. हवेत फटाक्यांच्या दारूचा वास, पाण्याला नेहमीचा शेवाळी वास, कठड्याला टेकलेली नवे शर्ट घातलेली मुलं, आणि पलीकडे गडकरी रंगायतन. रंगायतन उघडलं 1978 साली, आई-बाबांचं लग्नही त्याच सालचं. बाबा रंगायतनच्या वयावरून स्वतःच्या संसाराचा हिशेब ठेवायचे. मामा म्हणाला, "ताई, भावोजी, उभे राहा, हिला काढू दे." दोघं कठड्याला पाठ करून उभे राहिले. मी कॅमेरा डोळ्याला लावला, दोघंही चौकटीत बरोबर येतील असं बघितलं, बटण दाबलं. मोटर घर्र झाली.

आठवड्याने पाकीट आलं. छत्तीसमधले चौतीस फोटो ठीक आले होते. एकात माझं बोट होतं. आणि एकात आई-बाबा, दोघंही, तवंग आलेल्या डाळीतून दिसावेत तसे. त्यांच्या मागे मात्र पाण्यात एक होडी, आणि होडीत हात पसरून उभा राहिलेला एक मुलगा, इतका स्पष्ट की त्याच्या बनियनला खांद्यापाशी भोक आहे ते दिसतं. आईने फोटो पाहिला आणि "हलला" म्हणून पाकिटात सगळ्यात मागे सारला. बाबांनी तो पुन्हा बाहेर काढला, चष्मा वर करून जवळून बघितला आणि म्हणाले, "होडी मात्र झकास आलीये."

आपल्याकडे बिघडलेला प्रत्येक फोटो हललेलाच असतो. खरं तर इथे कुणीच हललं नव्हतं. हात किंवा माणूस हलला की ठिपक्याची रेघ होते, दिवा असेल तर त्याला शेपूट फुटतं. फोकस चुकला की त्याच ठिपक्याचा टिकला होतो. या फोटोत शेपटं नाहीत. आई-बाबा अगदी स्थिर उभे होते, नेहमीसारखे, बँकेच्या रांगेत उभे असल्यासारखे. का बिघडला ते मला दहा-बारा वर्षांनी कळलं, तेही धंद्यात पडल्यावर. त्या जातीचे कॅमेरे चौकटीच्या बरोबर मध्यावर इन्फ्रारेडचा एक झोत सोडतात. समोर जे असेल त्यावर आपटून तो परत येतो, त्यावरून कॅमेरा अंतर ठरवतो. दोन माणसं शेजारी-शेजारी उभी असली आणि मध्ये फट असली, तर झोत त्या फटीतून निघून जातो. काहीच परत येत नाही. मग कॅमेरा समजतो की समोर कुणी नाही, आणि लेन्स सगळ्यात दूरवर लावतो. उपाय साधा होता. आधी एकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा धरून बटण अर्धं दाबायचं, मग चौकट सरकवून पूर्ण दाबायचं. हे कॅमेऱ्यासोबतच्या पुस्तिकेत छापलेलं असणार. पुस्तिका मस्कतला राहिली होती.

म्हणजे दोघांच्या मध्ये वीतभर फट होती म्हणून हा फोटो गेला.

प्रिंट घरी आणून मी 600 डीपीआयवर, म्हणजे इंचाला 600 ठिपके घेत, स्कॅन केली आणि रात्री जेवणं आटोपल्यावर बसले. पहिला हात मारला तो सवयीने, अनशार्प मास्कचा. नाव मोठं मजेशीर आहे. चित्र रेखीव करणाऱ्या हत्याराचं नाव 'अनशार्प'. ते आलंय फोटोशॉपच्या कितीतरी आधीच्या डार्करूममधून. तिथे निगेटिव्हचीच एक मुद्दाम धूसर केलेली प्रत बनवून मूळ निगेटिव्हला जोडून छापायचे. मूळातून धूसर वजा झालं की कडा उठून दिसायच्या. संगणक तेच आकड्यांत करतो. मसाल्याच्या पाकिटावर हे झकास चालतं, कोथिंबिरीचं पान कुरकुरीत होतं. पण मुळात फोकसच नसेल तर हे हत्यार फक्त कडांना काळं-पांढरं करतं. आईच्या डोळ्यांच्या जागी जे दोन करडे डाग होते त्यांना काजळ घातल्यासारखं झालं. डोळे काही उघडले नाहीत.

मग मी जरा हट्टाला पेटले. आईच्या मंगळसूत्राच्या वाटीवर ऊन चमकलं होतं. ती चमक खरं तर सुईच्या टोकाएवढी असायला हवी, पण फोकस नसल्यामुळे तिचा पसरून एक तिरका चौकोन झाला होता. मोठं करून बघितलं तर हुबेहूब शंकरपाळी! लेन्समधल्या दोन पात्यांनी मिळून जे भोक तयार होतं त्याचाच तो आकार. बारा-तेरा पिक्सेल रुंद. मला एवढा आनंद झाला की रात्री साडेअकराला मी एकटीच हसले. कारण ठिपक्याचं काय झालं हे एकदा कळलं की सबंध फोटोचं काय झालं ते कळतं. फोटो म्हणजे शेवटी ठिपकेच, आणि त्या अंतरावरचा प्रत्येक ठिपका तसाच शंकरपाळी होऊन एकमेकांवर पडलाय. हा आकार हातात असेल तर उलटा हिशेब मांडता येतो.

हा उलटा हिशेब फार मोठ्या कामी आलेला आहे. एप्रिल 1990 मध्ये हबल दुर्बीण वर गेली आणि पहिले फोटो आले तेव्हा सगळ्यांचे चेहरे पडले. 2.4 मीटरचा आरसा कडेला जरासा जास्त घासला गेला होता, 2.2 मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीचा पन्नासावा भाग. तेवढ्याने ताऱ्यांभोवती धुकं. डिसेंबर 1993 मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्ती केली, पण मधली साडेतीन वर्षं शास्त्रज्ञ गणित करून धुकं पुसत होते. रिचर्डसनने 1972 मध्ये आणि ल्युसीने 1974 मध्ये वेगवेगळी मांडलेली एक रीत आहे. आधी अंदाज करायचा, तो मुद्दाम धूसर करून खऱ्या फोटोशी ताडायचा, चुकेल तिथे अंदाज सुधारायचा, आणि हेच पुन्हा, पुन्हा, पुन्हा. त्यांच्याकडे तारे होते. तारा म्हणजे आयता ठिपका. माझ्याकडे मंगळसूत्राची वाटी होती.

दहा फेऱ्या झाल्या तेव्हा आईच्या साडीचे काठ सुटे झाले. वीस झाल्या तेव्हा बाबांच्या खिशातलं पेन दिसायला लागलं, टोपणाच्या क्लिपसकट. मी खुर्चीत पुढे सरकले. तीस-पस्तीसच्या पुढे मात्र फिल्मचा रवा, म्हणजे तिचे मुळातले बारीक कण, वर यायला लागला, उपमा खाली लागावा तसा, आणि प्रत्येक कडेभोवती पाण्यात खडा टाकल्यासारखी वलयं. चेहऱ्यांवर तर काही बघवेना. गणिताला रवा आणि माणूस यांतला फरक कळत नाही. जे बारीक दिसेल ते ते वाढवतं. आणि जे बारकावे त्या शंकरपाळीने पार पुसले होते, ते परत आणायला कुठून आणणार? शेवटी मी अठराव्या फेरीवर थांबले. पेन होतं, काठ होते, आईच्या कपाळावरची टिकली जागेवर आली होती. डोळे नव्हते. तेवढंच आईला पाठवलं. उत्तरादाखल एक अंगठा आला. आई नाराज असली की अंगठा पाठवते.

दुसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, "आत्या, तू एवढं काय करत बसतेस, फोनमध्ये होतं ते." आणि खरंच झालं, सामान बांधायच्या दोऱ्यांच्या गुंडाळीवर बसल्या बसल्या झालं. एआयचं कुठलंसं ॲप. धूसर चेहऱ्याच्या जागी बाबा आले, पापण्यांसकट. डोळ्यांत उजेडाचे ठिपके. आईच्या ओठांच्या मध्ये दातांची अंधुक ओळ. भाच्याने मोबाईल आजीच्या हातात दिला आणि आई बराच वेळ काही बोलली नाही. मग पदराने स्क्रीन पुसली आणि म्हणाली, "किती छान आलेत." तासाभरात फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता. डोंबिवलीच्या आत्याने लिहिलं, "दादा अगदी अस्साच दिसायचा." मामाने मस्कतच्या आठवणी सुरू केल्या.

मी काही बोलले नाही. बोलायचं होतं ते मनगटावर होतं. बाबांचं घड्याळ एचएमटी जनता, देवनागरी आकड्यांचं. निवृत्तीपर्यंत रोज सकाळी सातच्या बातम्यांना त्याला किल्ली द्यायचे. ॲपने त्या जागी एक गुळगुळीत तबकडी बसवली होती, तिला तीन काटे होते आणि आकड्यांच्या जागी मुंग्यांसारखं काहीतरी. घड्याळाचं जे केलं तेच चेहऱ्याचं केलं असणार. हजारो, लाखो चेहरे बघून यंत्राला जे सवयीचं झालंय ते त्याने करड्या डागात भरलं. 2020 साली अशाच एका प्रोग्रॅमला बराक ओबामांचा मोठमोठ्या चौकोनांत फोडलेला फोटो दिला तर आतून एक गोरा माणूस निघाला होता, त्यावर जगभर बरीच चर्चा झाली. बाबांच्या बाबतीत असं उघड काही झालं नव्हतं. नाक जवळपास बरोबर. भुवया जरा जास्त नीट. पण आत्याला तो दादा वाटला, आईला 'हे' वाटले, आणि मी खोटं सांगणार नाही, क्षणभर मलाही. त्यानंतर जेव्हा जेव्हा मी डोळे मिटून बाबांचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला तेव्हा त्या पापण्या आल्या. त्या आता जात नाहीत. याचा मला राग आहे, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही. भाचा तर बिचारा मदत करत होता.

आईशी हे एकदा बोलून बघितलं, आडून. कपाट रिकामं करताना पणजीचा फोटो हाताला आला होता, जाड पुठ्ठ्यावरचा, खाली पानाफुलांची नक्षी. पणजी त्यात तेजस्वी दिसते, संगमरवरी गालांची. मी म्हटलं, "आई, ही अशी दिसायची?" आई म्हणाली, "छे गं, आजीच्या तोंडभर देवीचे वण होते. बोट फिरवलं की लागायचे." तेव्हाच्या स्टुडिओत निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने शिशाचे ठिपके देत बसत. निगेटिव्हवर गडद केलं की कागदावर उजळ येतं, खड्डे भरून निघतात. हे काम तासन्‌तास चाले. "मग तुला खटकलं नाही?" आईने फोटो जुन्या धोतरात गुंडाळता गुंडाळता माझ्याकडे बघितलं. "खटकायचंय काय? चांगल्या दिसण्यासाठीच गेली होती ना ती स्टुडिओत." विषय संपला. मलाच पुढे काही सुचेना. मी दिवसभर मिरच्या लाल करते.

पंधरा दिवसांनी आई भाड्याच्या जागेत गेली, पाचपाखाडीत, तिसरा मजला, लिफ्ट आहे. रविवारी मी लॅपटॉप घेऊन गेले. नव्या रंगाचा वास, पंख्याला अजून आवाज नाही म्हणून आईला झोप लागत नाही. फाईल उघडायच्या आधी मी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही इतके लांब का उभे होतात?"

"बोलत नव्हतो," आई म्हणाली. अगदी सहज, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. "सकाळी ओवाळलं पाडव्याचं, तर यांनी ताटात काय घातलं? पावती. फिक्स्ड डिपॉझिटची." मी हसले तर तीही हसली. "हसतेस काय? शेजारची पैठणी नेसून फिरत होती. मी म्हटलं, ओवाळणीत साडी घालतात, पावती नाही. तर म्हणाले, दोघांच्या नावावर केलीय, आयदर ऑर सर्व्हायव्हर, मागे राहील त्यालाही मिळते. जसं काही दागिनाच." मग जरा थांबून, "तीच मोडली परवा. इथल्या डिपॉझिटला." बिल्डरचा चेक यायला उशीर होता आणि घरमालक थांबायला तयार नव्हता, एवढं मला माहीत होतं. पैसे कुठून आले ते मी विचारलं नव्हतं.

मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. माणूस सरकवायचा तर आधी तो कापून काढावा लागतो. मूळ फोटोत ते जमलंच नसतं, कारण धूसर कडेत बाबांचा खांदा कुठे संपतो आणि तळं कुठे सुरू होतं हे ठरवता येत नाही. तिथे शर्टात पाणी आहे आणि पाण्यात शर्ट. आईच्या आवडत्या फोटोत यंत्राने ते आधीच ठरवून टाकलं होतं, म्हणून कात्री सरळ चालली. बाबा सुटे झाले. ते होते तिथे उरलेलं भोक थोड्या तळ्याने आणि थोड्या कठड्याने भरलं. मग बाबांना धरून डावीकडे ओढलं, खांद्याला खांदा लागेपर्यंत. मधली होडी त्यांच्यामागे गेली.

"शी!" आई एकदम म्हणाली. "तलावपाळीवर एवढे चिकटून? हे कधी उभे राहतील का असे? मागे घे."

मी मागे घेतलं.

"अजून. आणि होडी का घालवलीस? ती यांना आवडली होती."

होडीचं टोक दिसायला लागलं, मग तो मुलगा, मग त्याचा एक पसरलेला हात. आई चष्मा नाकावर खाली ओढून बघत होती आणि मी एकेक टिचकी मारत बाबांना उजवीकडे नेत होते. "दुसरा हात पण येऊ दे त्याचा. हां. थोडं. अजून थोडं... बास. बास, बास." माझं बोट थांबलं. पंखा नुसता फिरत होता, आवाज न करता. मी मोजपट्टी काढून बघितलं. मूळ अंतर 402 पिक्सेल होतं, आता 364. प्रिंटवर जेमतेम दीड मिलिमीटर. खऱ्यात, त्या कठड्यापाशी, फार तर इंचभर.

आईने मान मागे नेऊन, मग पुढे आणून बघितलं. "आता बरोबर आहे," म्हणाली. "मोठा काढून आण. आणि मॅट सांग."